इंजिनाच्या घरघरीत पाहिलेली आई

युसूफ वडगावात ‘श्यामची आई’ मी पहिल्यांदा पाहिला तो पडद्याच्या मागून. शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरं कापड ताणलं होतं. पुढची जागा दिवस मावळायच्या आतच धरली गेली होती, उशिरा आलेल्यांनी मागं बसायचं. मागून सिनेमा उलटा दिसतो. पाटीवरची अक्षरं उलटी, आईचा पदर भलत्याच खांद्यावर. त्यात वीज नव्हती, म्हणून डिझेल इंजिन लावलेलं, आणि ते नेमकं आमच्या बाजूला. संवाद म्हणाल तर दहातले दोन कानावर आले असतील. तरी सिनेमा कळला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं धोतराचा सोगा डोळ्याला लावला, तेव्हा पडद्यावर कोण काय बोलत होतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पुढं कळायला लागल्यावर याचंच नवल वाटत राहिलं. कारण सिनेमा आचार्य अत्र्यांचा, आणि अत्रे म्हणजे तर शब्द. पटकथा, निर्मिती, दिग्दर्शन सगळं त्यांचंच. मराठीत वाक्याच्या जोरावर अख्खं नाट्यगृह हलवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्यातला हा म्होरक्या. आणि त्याचा सगळ्यात मोठा सिनेमा आवाज बुडाला तरी उभा राहतो!

अत्र्यांची वाट आठवावी. जन्म 1898 चा, सासवडजवळच्या कोढीत खुर्दचा. आधी शिक्षक, मग ‘केशवकुमार’ या नावानं विडंबन करणारा ‘झेंडूची फुलें’चा कवी. 1927-28 मध्ये ते लंडनला होते, तेही अध्यापनाची पदविका घ्यायला. 1933 साली बालमोहन नाटक मंडळीनं ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आणलं आणि हेडमास्तरांचे नाटककार झाले. संगीत नाटकाला उतरती कळा लागलेली, बोलपटानं नाटक कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळवलेलं. अशा वेळी या माणसानं लोकांना पुन्हा खुर्च्यांवर आणून बसवलं. ‘घराबाहेर’ची निर्मला उंबरा ओलांडते, ‘उद्यांचा संसार’ची करुणा संसारात घुसमटून संपते. हसवणारा अत्रे आणि रडवणारा अत्रे दोघंही तिथं आहेत. पण दोघांचं हत्यार एकच, वाक्य. पात्राच्या तोंडी शब्द ठेवायचा तो असा, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तो सुपारीसारखा फोडून खाता यावा.

ज्या बोलपटानं नाटकाचा घास घेतला, त्याच बोलपटाच्या घरात हा नाटककार 1937 मध्ये शिरला. हंस पिक्चर्ससाठी ‘धर्मवीर’, आणि त्याची बैठक इब्सेनच्या नाटकाची. मग 1938 चा ‘ब्रह्मचारी’. भाषण ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेणारा औदुंबर, आणि त्याच्या शपथेचा बोऱ्या वाजवणारी किशोरी. मास्टर विनायक आणि मीनाक्षी यांनी त्यात धमाल केली आहे. पण आज पाहताना जाणवतं, की हसू येतं ते ऐकून. कॅमेरा बिचारा पहिल्या रांगेत तिकीट काढून बसल्यासारखा समोरून बघत असतो. ‘ब्रँडीची बाटली’चंही तेच. हे पडद्यावर आलेलं नाटक आहे, उत्तम आहे, पण नाटक आहे. पुढं अत्रे स्वतःच निर्माते झाले, ‘पायाची दासी’, ‘वसंतसेना’ असे चित्रपट आले. ते वाईट होते असं नाही. पण मला त्यांच्याकडं पुन्हा वळावंसं वाटत नाही.

आणि मग 1953, ‘श्यामची आई’.

साने गुरुजींचं मूळ पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं. बेचाळीस रात्री, प्रत्येक रात्रीची एक गोष्ट. नाटककाराला हे सोयीचं नाही. नाटकाला चढण लागते, आणि इथं तर मणी आहेत, दोरा नाही. अत्र्यांनी दोरा शोधला तो आईच्या शरीरात. ही बाई सिनेमाभर काही ना काही हातानं करत असते, आणि प्रसंग त्या करण्यातून उभा राहतो. श्यामला न्हाऊ घातलंय, तळपाय ओले आहेत, त्यांना माती लागू नये असा हट्ट. आई लुगडं पसरते, पोर त्यावर पाय टेकतं. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, हे ती सांगते. ते वाक्य गाजलं, शाळेच्या भिंतींवर गेलं. पण मला ते वाक्य इंजिनानं ऐकूच दिलं नव्हतं. मला दिसलं ते एवढंच, की बाई स्वतःचं नेसूचं मळवून पोराचे पाय स्वच्छ ठेवते आहे. वाक्य नसतं तरी अर्थाचं काही अडलं नसतं. वाक्यानं फार तर त्याच्यावर शिक्का मारला.

पोहण्याचा प्रसंग घ्या. पोर पाण्याला भिऊन दडून बसलंय, आणि एरवी फुलासारखी वागणारी ही आई शिंपटी घेऊन त्याला बडवत बाहेर काढते. मारणारा हात आणि नंतर कुरवाळणारा हात, दोन्ही आई झालेल्या वनमालाबाईंचे. त्यांच्याविषयी दोन शब्द हवेतच. या बाई ग्वाल्हेरकडच्या, सरदार घराण्यातल्या. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये दागिन्यांनी मढून वावरलेल्या. पहिला चित्रपट ‘लपंडाव’, तोही अत्र्यांच्याच लेखणीचा. त्यांना कोकणातल्या कर्जबाजारी घरची बाई करायला लावणं हे निर्मात्याचं धाडस. पण मूळचा डौल त्यांच्या मानेत राहिला, आणि त्याचं सोनं झालं. दारिद्र्यातही जिची मान वाकत नाही अशी आई पडद्याला मिळाली. ती सावकाराच्या माणसासमोर उभी राहते तेव्हा अपमान बोलण्यात नाही, त्या मानेत दिसतो. श्याम झालेला माधव वझे हा पोरगा तिच्यासमोर ‘अभिनय’ करत नाही, तिच्याकडं बघत राहतो. दिग्दर्शकानं त्याला बघू दिलं, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

सगळं निर्दोष आहे असं मुळीच नाही. मधल्या भागात अश्रूंचा पाट थोडा जास्तच वाहतो. एकेका बोधानंतर क्षणभर थांबणं हे शुद्ध नाटकातलं, टाळीसाठी सोडलेली जागा. गाण्यांपैकी द्रौपदी आणि कृष्णाच्या चिंधीची कथा सांगणारं गाणं मात्र सोडवत नाही. शब्द अत्र्यांचे, संगीत वसंत देसाईंचं, गळा आशाबाईंचा. झेंडूच्या फुलांची टवाळी करणाऱ्या हातानं हे लिहिलं, हे पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागतं.

इथं शब्दांचा दुसरा एक माणूस आठवतो. अत्रे लंडनमध्ये होते त्या काळात तिथं नोएल कॉवर्ड या नाटककाराचं नाव गाजत होतं. अत्र्यांहून वर्षभरानं लहान. तोही चटपटीत संवादाचा बादशहा, तोही पुढं पटकथाकार आणि निर्माता झाला. त्याच्या एकांकिकेवरून डेव्हिड लीननं 1945 मध्ये ‘ब्रीफ एन्काउंटर’ केला. कॉवर्ड त्याचा निर्माता. दोन प्रेमिकांचा स्टेशनवरचा कायमचा निरोप, आणि नेमकी तेव्हा एक बडबडी बाई येऊन टेबलाशी बसते. बोलायचं ते राहूनच जातं. तो उठतो, तिच्या खांद्यावर हात दाबतो आणि जातो. जन्मभर वाक्यांवर जगलेल्या लेखकाचा सगळ्यात मोठा क्षण खांद्यावरचा एक हात! तळपायाखालचं लुगडं मला त्याच जातीचं वाटतं.

1954 मध्ये पहिल्यावहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ त्याच्या मागं राहिला. तो मान मराठीला पुन्हा मिळायला ‘श्वास’पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं लागली. ‘श्यामची आई’ला पदक मिळालं तेव्हा आमचं वडगाव हैदराबाद राज्यात होतं, त्यामुळं मराठीच्या त्या आनंदात आम्ही परराज्यातून सामील. मोळी विकणाऱ्या म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावर मोळी चढवायला आई श्यामला पाठवते, त्या प्रसंगातून अत्र्यांचा पुढचा सिनेमा निघाला असं मी मानतो. ‘महात्मा फुले’, 1954. बाबूराव पेंढारकर जोतीराव, सुलोचनाबाई सावित्रीबाई. त्याला रौप्यपदक मिळालं. धैर्य त्यात जास्त आहे, पण भाषण पुन्हा वरचढ झालंय. इंजिन लावून तो सिनेमा कळणार नाही.

शेवटी अत्रे रंगभूमीवर परतले, पण रिकाम्या हातानं नाही. 1962 च्या ‘तो मी नव्हेच’मध्ये फिरता रंगमंच आहे. कोर्टातून एका गावात, तिथून दुसऱ्या घरात, पुन्हा कोर्टात. पडदा पाडायची गरजच नाही. लखोबा लोखंडे या ठकाची रूपं नट पणशीकर पालटत ती या वेगावर. याला मी सिनेमाकडून आलेलं व्याज म्हणतो.

आता वडगावाविषयी एक. दसरा झाला की इथल्या कितीतरी घरांतले कोयते ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्याला निघतात. आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोरं आजीपाशी राहतात, आया उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. शाळांमध्ये हा सिनेमा बहुतेक डिसेंबरात, साने गुरुजींच्या जयंतीच्या सुमारास दाखवतात, आणि तेव्हा बघणाऱ्या पोरांच्या आया उसाच्या फडात असतात. शाळेतल्या गुरुजींना विनंती आहे, यंदा तो दसऱ्याच्या आधी लावा. आयांनाही बोलवा. आणि तळपायाचा प्रसंग आला, की मिनिटभर आवाज बंद करून बघा.