लस पोहोचली म्हणजे शांतता आली का?

संशोधन प्रस्ताव लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांना सध्या एक विषय खुणावतोय: आरोग्य-तंत्रज्ञानातून शांतता. युद्धग्रस्त भागात ड्रोनने औषधं पोहोचवायची, मोबाइलवर रोगनिदान करायचं, बोटाच्या ठशांवर लसीकरणाची नोंद ठेवायची. त्यातून दोन बाजूंत विश्वास वाढेल आणि पुढे संघर्ष टळेल. ऐकायला छान वाटतं. निधी देणाऱ्यांनाही वाटतं. पण या विषयावरचं लेखन बारकाईने वाचलंत तर एक गोष्ट सारखी खटकेल. मोजलेली असते ती 'पोहोच', आणि निष्कर्षात लिहिलेली असते 'शांतता'. आज या उडीबद्दल बोलू.

तक्रार जुनीच आहे. 2001 मध्ये 'बीएमजे'त ॲलेक्स व्हास यांनी एका छोट्या लेखात म्हटलं होतं की या चळवळीला नुसती विचारसरणी पुरणार नाही, पुरावा लागेल. त्यानंतर उपक्रम वाढले (जागतिक आरोग्य संघटनेचा 'ग्लोबल हेल्थ फॉर पीस' 2019 चा), पण पुराव्याच्या जागी बहुतेक वेळा तेच एक उदाहरण दिलं जातं: एल साल्वाडोर.

1985 साली तिथे यादवी चालू असताना सरकार आणि गनिमी संघटना यांनी तीन दिवस लढाई थांबवली आणि मुलांना लसी दिल्या गेल्या. पुढे दरवर्षी हे होत राहिलं. मुलं वाचली, एवढंच कारण त्या कामाला पुरेसं आहे. पण दावा शांततेचा असेल तर प्रश्न विचारावेच लागतात. युद्ध संपलं 1992 च्या जानेवारीत, म्हणजे जवळपास सात वर्षांनी. मधल्या काळात शीतयुद्ध ओसरलं, लष्करी कोंडी झाली, संयुक्त राष्ट्रांनी मध्यस्थी केली. यात लसीचा वाटा किती, हे कसं काढणार? शिवाय त्या विरामासाठी बोलणी केली होती चर्चने, कारण दोन्हीकडे त्याचं ऐकलं जात होतं. मग लसीने विश्वास निर्माण केला, की आधी असलेल्या विश्वासाच्या वाटेने लस गेली? बाण कुठल्या दिशेने काढायचा, हे तुमच्या प्रस्तावातल्या त्या सुंदर आकृतीत ठरवावं लागतं आणि तिथेच बहुतेक जण घाई करतात.

आता ज्या उदाहरणावर मला जास्त वेळ घालवायचा आहे ते घेऊ. काँगोच्या पूर्वेला, मुख्यतः नॉर्थ किवू प्रांतात, ऑगस्ट 2018 ते जून 2020 इबोलाची साथ होती. 2,287 माणसं गेली. तंत्रज्ञानाच्या बाजूने पाहिलं तर ही अभिमानाची साथ म्हणायला हवी. उणे 60 ते उणे 80 अंशांत ठेवावी लागणारी लस त्या रस्त्यांवरून नेऊन 3 लाखांहून अधिक लोकांना दिली गेली. चार उपचारांची चाचणी साथ चालू असताना, सशस्त्र टोळ्यांच्या प्रदेशात पार पडली. आणि 'क्यूब' वापरला गेला. अलीमा या संस्थेची ही एका रुग्णाची पारदर्शक खोली. भिंतीतच हातमोजे बसवलेले, त्यामुळे पूर्ण पोशाख न चढवता बाहेरून बरीच शुश्रूषा करता येते, आणि घरच्यांना आपला माणूस दिसतो. आधी तंबूत गेलेला माणूस बॅगेतूनच परत यायचा. अफवा उठणारच की! विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे डिझाइन एकदा नीट पाहावं, मला ते मनापासून आवडतं.

तरीही फेब्रुवारी 2019 मध्ये कात्वा आणि बुटेम्बो इथली उपचार केंद्रं हल्ल्यांत जळाली. एप्रिलमध्ये बुटेम्बोच्या रुग्णालयात साथरोगतज्ज्ञ डॉ. रिचर्ड मूझोको यांना गोळ्या घातल्या गेल्या. का?

क्यूब एका प्रश्नाचं उत्तर देतो: आत माझ्या माणसाचं काय चाललंय? बेनीतल्या लोकांचा प्रश्न वेगळा होता. 2014 पासून आमच्या भागात कत्तली होताहेत, तेव्हा कुणी आलं नाही. मग या एका रोगासाठी एवढ्या गाड्या, एवढा पैसा कुठून आला? त्यात डिसेंबर 2018 मध्ये साथ आणि असुरक्षितता ही कारणं देऊन बेनी, बुटेम्बो इथलं मतदान मार्चवर ढकललं. नवा राष्ट्राध्यक्ष जानेवारीतच पदावर आला. विरोधी पक्षाचा जोर असलेल्या भागाची मतं मोजलीच गेली नाहीत, आणि कारण म्हणून नाव इबोलाचं. पुढे ढकलल्याची घोषणा झाली तशी बेनीत इबोलाच्या एका केंद्रावर जमाव चालून गेला. याला अडाणीपणा म्हणणारे लेख सापडतील. मला ते आळशी वाटतात. 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये आलेल्या पाहणीत (सप्टेंबर 2018, 961 प्रौढ) स्थानिक प्रशासन आपलं हित पाहतं असं मानणारे जेमतेम एक तृतीयांश होते, आणि अविश्वास जास्त तिथे लस घेण्याची तयारी कमी होती. ही पाहणी मतदान पुढे ढकलण्याच्या आधीची आहे, हे लक्षात घ्या.

अजून एक गोष्ट, जी तंत्रज्ञानवाले सहसा लिहीत नाहीत. रिंग लसीकरणासाठी रुग्णाच्या संपर्कातल्या सगळ्यांची यादी लागते. आपल्यासाठी तो डेटा. पण कोण कोणाला कुठे भेटलं, याची यादी घेऊन फिरणारं पथक, सोबत बंदूकधारी पोलीस, हे दृश्य संघर्षाच्या गावात उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने पाहा.

उलट्या दिशेचा पुरावा मात्र बराच नीट मोजलेला आहे. 2011 मध्ये बिन लादेनचा माग काढण्यासाठी सीआयएने अबोटाबादेत हेपटायटिस-बीच्या लसीकरणाचा बनाव रचला होता. तो उघड झाल्यावर काय झालं, हे मार्टिनेझ-ब्राव्हो आणि स्टेगमन या अर्थशास्त्रज्ञांनी 2022 च्या शोधनिबंधात तपासलं. बातमी फुटण्याआधी आणि नंतर, इस्लामी पक्षांना जास्त मतं देणारे जिल्हे आणि कमी मतं देणारे जिल्हे अशी तुलना त्यांनी केली. पहिल्या गटात लसीकरण 23 ते 39 टक्क्यांनी घसरलं. हा निबंध रचनेसाठी वाचाच. आणि एक पाहा: लेखक लसीकरणाबद्दलच बोलतात, हिंसेबद्दल नाही. मोजलं तेवढंच म्हटलं.

तुम्ही या विषयावर काम करणार असाल तर शीर्षकातला 'शांतता' हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा आणि त्या जागी काय मोजणार ते लिहा. हल्ल्यांची संख्या? त्यासाठी एक्लेडसारखा घटनांचा डेटा मिळतो, पण जिथे पथकं आणि पत्रकार पोहोचतात तिथल्याच घटना जास्त नोंदल्या जातात. म्हणजे उपक्रम सुरू झाला की हल्ले 'वाढलेले' दिसू शकतात. दुसऱ्या बाजूच्या दवाखान्यात जाणाऱ्यांचं प्रमाण? ते मोजता येतं, फक्त आधीचा आकडा हाती हवा, आणि तो पथक पोहोचण्यापूर्वी कुणीतरी घेतलेला असायला हवा. किवूमध्ये ती 961 जणांची पाहणी साथ जाहीर झाल्यावर महिन्याभरात सुरू झाली होती. त्यांची प्रश्नावली मिळाली तर आधी ती बघा, आपली बनवायला नंतर बसा.