रेषांच्या आत आणि बाहेर: मैदानांच्या ड्रोनछायाचित्रणाची सद्यःस्थिती

क्रीडांगण ही जमिनीवर प्रत्यक्ष मापाने काढलेली आकृती असते. फुटबॉलचे 105 बाय 68 मीटरचे मैदान असो वा कबड्डीचे 13 बाय 10 मीटरचे, खेळाचे नियम तेथे चुन्याच्या किंवा रंगाच्या रेषांनी आखलेले असतात. परंतु बाजूला बसलेल्या प्रेक्षकाला ही आकृती नेहमी तिरकी आणि आखूड झालेली दिसते, तिचे खरे प्रमाण केवळ वरूनच कळते. ड्रोनला मैदाने इतकी सहज वश झाली त्याचे कारण हे आहे, आणि या कलेची मर्यादाही नेमकी तेथेच सुरू होते. आकृती आधीच कोणीतरी काढून ठेवलेली असल्यामुळे छायाचित्रकाराला रचनेचे श्रम उरत नाहीत, आणि गेल्या दशकातल्या बहुसंख्य चित्रांत मैदान आखणाऱ्या माळ्याचे कसब छायाचित्रकाराच्या नावावर जमा झालेले दिसते.

वरून पाहण्याची हौस अर्थातच जुनी आहे. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने 1858 मध्ये पॅरिसजवळ फुग्यातून पहिले हवाई छायाचित्र घेतले. ते आज उपलब्ध नाही, आणि जेम्स वॉलेस ब्लॅक यांनी 1860 मध्ये फुग्यातूनच टिपलेले बोस्टन शहराचे चित्र हे टिकून राहिलेल्यांपैकी सर्वांत जुने मानले जाते. ब्रिटनमध्ये 1919 साली स्थापन झालेल्या एअरोफिल्म्स या कंपनीने विमानातून छायाचित्रे घेण्याचा व्यवसायच उभा केला आणि तिच्या संग्रहात फुटबॉलची मैदानेही आली. तेव्हा दृष्टिकोन नवा नाही. नवी आहे ती उंची. विमानाला शेकडो मीटर वर राहावे लागते, आणि हेलिकॉप्टर खाली आले तर त्याच्या वाऱ्याने व आवाजाने खेळच थांबतो. गच्ची आणि विमान यांच्यामधला वीस ते एकशेवीस मीटरांचा थर मात्र छायाचित्रकारांना बहुतांशी दुर्लभ होता. 2013 मध्ये बाजारात आलेल्या डीजेआय फँटम या ड्रोनने आणि पुढे 2019 मध्ये आलेल्या 249 ग्रॅम वजनाच्या मॅविक मिनीने हा थर हौशी माणसालाही खुला केला.

या थरातून दोन प्रकारची चित्रे निघतात. कॅमेरा सरळ खाली रोखून घेतलेल्या चित्राला लंबचित्र म्हणता येईल आणि कोनातून घेतलेल्याला तिरके चित्र. लंबचित्रात क्षितिज नसते, खोली जवळजवळ नाहीशी होते आणि मैदान कागदासारखे सपाट पडते. अशा चित्रात माणूस म्हणजे डोके आणि खांदे यांचा एक ठिपका उरतो, म्हणून सकाळ-संध्याकाळच्या कलत्या उन्हात पडलेली त्याची लांब सावलीच त्याचे शरीर होते. ही युक्ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला चकित करते, दहाव्यांदा पाहणाऱ्याला मात्र ती युक्तीच वाटते. गवतावरच्या फिक्या-गडद पट्ट्यांची गोष्ट याच्या उलट आहे: रूळ फिरवताना पाती ज्या दिशेला कलतात त्यानुसार ते पट्टे उमटतात आणि तिरक्या नजरेलाच ठळक दिसतात, नेमक्या वरून त्यांचा जोर ओसरतो. सरळ खाली पाहणे म्हणजे सर्व काही पाहणे, हा समज म्हणूनच फसवा आहे.

कायद्याची कमाल मर्यादा आणि भिंगाचा कोन यांचाही या कलेच्या विषयांवर नकळत परिणाम झाला आहे. भारतासह अनेक देशांत विशेष परवानगीविना 120 मीटरांपेक्षा वर जाता येत नाही. पूर्ण चौकटीच्या हिशेबाने 24 मिलिमीटरचे भिंग आणि 4:3 प्रमाणाची चौकट असलेल्या नेहमीच्या ड्रोनला त्या उंचीवरून सुमारे 173 बाय 130 मीटर जमीन दिसते. फुटबॉलचे मैदान पंचाहत्तर मीटरवरूनच चौकटीत बसते. मध्यापासून सत्तर मीटरवर सीमारेषा असलेले क्रिकेटचे वर्तुळ मात्र कमाल उंचीवरूनही एका चित्रात मावत नाही, ते तुकड्यांत टिपून जोडावे लागते. टेनिस आणि बास्केटबॉलची कोर्टे किंवा जलतरण तलाव हेच या शैलीचे लाडके विषय का झाले, याचे एक रोकडे उत्तर या गणितात आहे. ब्रॅड वॉल्स या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराचे तलावांवरचे काम या धाटणीचा उत्तम नमुना आहे: रंग मोजके, रेषा स्वच्छ, रिकामी जागा विचारपूर्वक सोडलेली. त्याच्या अनुकरणांत मात्र स्वच्छता तेवढी उरली आणि विचार गळाला.

आता तर उलटा प्रवासही घडू लागला आहे. पॅरिसमधले इमारतींच्या बेचक्यात बसवलेले पिगाल बास्केटबॉल कोर्ट 2009 पासून वेळोवेळी नव्या रंगांत रंगवले गेले. त्याची पूर्ण नक्षी तेथे खेळणाऱ्याला दिसत नाही, ती दिसते वरच्या कॅमेऱ्याला. जगभर अशी कोर्टे रंगवली जात आहेत. त्यांतली अनेक प्रसन्न आहेत हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, चित्रासाठीच तयार झालेल्या जागेचे चित्र घेण्यात छायाचित्रकाराचा वाटा नकलनविसाचा राहतो.

जेथे ही कला खरोखर काही सांगते, तेथे तिची नजर रेषेच्या आत नसून रेषेबाहेर असते. नॉर्वेतल्या लोफोटेन द्वीपसमूहातील हेनिंग्सव्हेअर या मासेमारीच्या गावाचे फुटबॉल मैदान ड्रोनमुळे जगप्रसिद्ध झाले. त्याला प्रेक्षकांच्या भव्य गॅलऱ्या नाहीत. भोवती उघडा खडक, त्यापलीकडे समुद्र आणि जवळच कॉड मासे वाळवण्याच्या लाकडी मांडवळी आहेत. सपाट जमीन दुर्मीळ असलेल्या गावाने आपली सपाटी कशावर खर्च केली, हे त्या चित्रांतून कळते. मासळीच्या मांडवळी छाटून फक्त हिरवा आयत ठेवणाऱ्या चित्रांतून ते कळत नाही.

याहून अस्वस्थ करणारे काम जॉनी मिलर यांचे आहे. केप टाउनमध्ये 2016 साली सुरू केलेल्या ‘अनइक्वल सीन्स’ या मालिकेत त्यांनी विषमतेच्या सीमा वरून टिपल्या आणि पुढे मुंबईतही तसे काम केले. त्यांच्या डर्बनच्या चित्रात पापवा सेवगोलम यांच्या नावाचे गोल्फ मैदान आणि त्याला खेटून असलेली पत्र्याच्या झोपड्यांची वस्ती एकाच चौकटीत येते. सेवगोलम हे भारतीय वंशाचे गोल्फपटू. 1963 मध्ये त्यांनी नाताळ ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्यांना क्लबच्या इमारतीत प्रवेश नव्हता आणि चषक बाहेर पावसात स्वीकारावा लागला. ज्या मैदानाला त्यांचे नाव आहे त्याच्या कडेलाच ही वस्ती आहे, ही विसंगती जमिनीवरून दिसणे अवघड, कारण तेथे मध्ये झाडे आणि कुंपण येते. अर्थात उंचीची अडचणही येथेच आहे: झोपडीतले माणूस या चित्रात दिसत नाही, आणि विषमताही शेवटी एक देखणी रेषा होऊन बसण्याचा धोका राहतो. हान्स फान डेर मेर या डच छायाचित्रकाराने युरोपातली हौशी फुटबॉल मैदाने थोड्याच उंचीवरून टिपली, तेथे खेळाडूची फजिती आणि मागची घरे दोन्ही वाचता येतात. ते काम ड्रोनचे नाही, पण किती उंची पुरे याचे माप ड्रोनवाल्यांनी त्याच्याकडून घ्यावे असे आहे.

महाराष्ट्रात विषयांची वाण नाही. मुंबईच्या आझाद मैदानावर वीसहून अधिक खेळपट्ट्या एकमेकींच्या हद्दीत शिरलेल्या असून एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाजवळ उभा असतो. ही गुंतागुंत उलगडून दाखवणारी जागा वरच असू शकते. परंतु नौदलाच्या आस्थापनांचा शेजार आणि पोलिसांचे वेळोवेळी निघणारे मनाई आदेश यांमुळे तेथे खासगी उड्डाण जवळजवळ अशक्य आहे. ड्रोन नियम 2021 नुसार हवाई क्षेत्र हिरवे, पिवळे आणि लाल अशा विभागांत वाटले गेले, परवानगीची वाट त्यात आहे, पण ती संस्थांना जितकी सोपी तितकी एकट्या कलावंताला नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाला 2021 च्या हंगामात थेट चित्रीकरणासाठी सशर्त सूट मिळाली होती. ग्रामीण भागात चित्र वेगळे आहे. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त वाट करून दिल्यानंतर घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, ड्रोन नित्याचा झाला. मात्र लग्नाच्या चित्रीकरणातून आलेली त्याची सवय गाड्यामागे धावण्याची आहे, घाटाच्या दोन्ही बाजूंची गर्दी, गाड्यांचा तळ आणि उभी पिके तिच्या कक्षेत क्वचितच येतात.

कोल्हापूरचे खासबाग मैदान तर या कलेसाठीच बांधल्यासारखे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी रोममधले कलोसियम पाहून आल्यावर उभारलेले आणि 1912 मध्ये पूर्ण झालेले हे मैदान म्हणजे मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी प्रेक्षकांची वर्तुळे. त्याला लागूनच महाराजांनीच बांधलेले नाट्यगृह, आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आहे, जे ऑगस्ट 2024 मध्ये आगीत जळाले. हौद्याचे वर्तुळ काटेकोर मध्यावर धरणारे लंबचित्र या शेजाराला चौकटीबाहेर टाकते. दहा-पंधरा अंश तिरके झालेले चित्र मल्ल आणि नट यांना एकाच आवारात वसवणाऱ्या राजाची कल्पना दाखवू शकते. जिल्हा क्रीडा संघटनांनी आणि नगरपालिकांनी रीतसर परवाने काढून आपापल्या मैदानांची अशी चित्रे हंगामात, हंगामाबाहेर आणि पावसाळ्यात एकाच उंचीवरून, आसपासच्या वस्तीसह टिपून ठेवावीत. हे काम स्पर्धेतल्या पारितोषिकासाठी धडपडणाऱ्या एकट्यादुकट्या हौशी माणसाच्या भरवशावर सोडण्यासारखे नाही.