जगलेलं आणि गायलेलं : जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांची युगुलगीतं

आता आपण जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या जोडीकडे येऊ. अमेरिकन कंट्री संगीतातली ही सर्वांत गाजलेली नवरा-बायको जोडी. 1969 साली लग्न, 1975 साली घटस्फोट. त्यांच्याबद्दल एक वाक्य नेहमी ऐकू येतं : ‘ते जे जगले तेच गायले, म्हणून गाणी खरी वाटतात.’ मला हे वाक्य पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे कार्यकारणभाव तपासायची जुनी रीत आहे, अन्वय-व्यतिरेक. कारण असेल तिथे कार्य दिसलं पाहिजे, कारण नसेल तिथे दिसता कामा नये. लावून बघू. 1972 चं ‘द सेरेमनी’ घ्या. विवाहविधीतल्या शपथाच गाण्यात घातलेल्या, गाणारे खरोखरचे पतीपत्नी. जगणं आणि गाणं यांत याहून कमी अंतर ते काय असणार? आणि माझ्या मते त्यांच्या गाजलेल्या गाण्यांतलं हे सर्वांत पोकळ. लग्नाचा अल्बम शेजाऱ्यांनी दाखवावा आणि आपण ‘छान, छान’ म्हणत पानं उलटावीत, तसं काहीसं होतं ऐकताना. हा झाला अन्वयाचा भंग. व्यतिरेकासाठी कॉनवे ट्विटी आणि लोरेटा लिन. ही जोडी प्रत्यक्षात जोडपं नव्हती, दोघांचे संसार वेगळे. तरी 1971 चं त्यांचं ‘आफ्टर द फायर इज गॉन’, घरातली ऊब विझल्यावर बाहेर ती शोधणाऱ्यांचं गाणं, ऐकताना अंगावर येतं. म्हणजे कारण कुठेतरी दुसरीकडे आहे.

ते मला सापडतं ‘गोल्डन रिंग’मध्ये. बॉबी ब्रॅडॉक आणि रेफ व्हॅन हॉय यांनी लिहिलेलं, 1976 चं, म्हणजे घटस्फोटानंतरचं. बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. (या जोडीची पहिल्या क्रमांकाची तीन गाणी, त्यातली दोन ताटातूट झाल्यावरची, हेही लक्षात ठेवा.) गोष्ट अंगठीची आहे. शिकागोतल्या गहाणवटीच्या दुकानात एक गरीब जोडपं ती घेतं, छोट्याशा चॅपेलमध्ये लग्न लागतं, पुढे भांडण, ती अंगठी फेकून निघून जाते, अंगठी पुन्हा दुकानात. संपलं.

इथे गंमत बघा. ही दोघं स्वतःबद्दल गातच नाहीत! ती निवेदक आहेत. कोणा अनामिक जोडप्याची गोष्ट सांगतात, मधूनच त्यांचं बोलणं आपल्या तोंडी घेतात आणि परत बाजूला होतात. जोन्स सूर थेट पकडत नाही, खालून घसरत वर येतो, दात आवळून बोलल्यासारखा. टॅमीच्या आवाजात हुंदका दाबल्यासारखी एक चीर आहे. पण दोघंही कथेला ओलांडून पुढे येत नाहीत. अभिनवगुप्तांनी रसाची सात विघ्नं सांगितली, त्यातलं एक हेच : हे सुखदुःख माझं, ते अमक्याचं, अशा गाठीत मन अडकणं. ‘द सेरेमनी’ त्या गाठीतून सुटतच नाही. ‘गोल्डन रिंग’ सोडवतं, कारण मध्ये एक वस्तू ठेवलेली आहे.

यावर कोणी म्हणेल, 1976 च्या श्रोत्याला घटस्फोट ठाऊक होताच की. होता. रेकॉर्डही त्यामुळे खपली असणार, नाकारत नाही. पण ते कुतूहल बातमीचं. ते शिळं होतं. आज ज्याला या दोघांचं नावही माहीत नाही अशा माणसाला हे गाणं ऐकवून पाहा. शेवटी ती अंगठी दुकानात परत येते तेव्हा तोही क्षणभर गप्प होतो.

1980 च्या ‘टू स्टोरी हाउस’बद्दल थोडक्यात. दोन मजली घर आणि दोघांच्या दोन कहाण्या, असा इंग्रजी श्लेष. मराठीत येत नाही. कल्पना चांगली, पण श्लेष कळला की गाणं आटोपतं. अंगठीचं तसं होत नाही. ती काचेमागे पडून आहे, आणि पुढचं गिऱ्हाईक कोण ते गाणं सांगत नाही.