पुरावा आधी की निकाल आधी? अमेरिकी उमेदवार, लसी आणि पर्यायी वैद्यक



अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की तिथले विज्ञानलेखक उमेदवारांचं प्रगतिपुस्तक तयार करतात. लसींबद्दल कोण काय म्हणालं, होमिओपॅथीबद्दल काय, जडीबुटीच्या गोळ्यांबद्दल काय. त्यावरून अमुक उमेदवार विज्ञानाच्या बाजूचा आणि तमुक विरोधातला, असं ठरतं. मतदाराला हे उपयोगाचं असेलही. पण तुम्ही ‘पेट’ची तयारी करताय, उद्या सिनॉप्सिस लिहिणार आहात. तुम्हाला यातून काही शिकायचं असेल तर गुणांकडे बघून भागणार नाही, उत्तरपत्रिकाच वाचायला हवी. कारण एक प्रश्न त्या प्रगतिपुस्तकात सहसा नसतो: कुठला पुरावा समोर आला तर हा माणूस आपलं वाक्य बदलेल?

हा प्रश्न हाताशी ठेवून आज काही जुनी विधानं वाचू. विधानं अमेरिकेतली आहेत, पण त्यांचा रोख शेवटी तुमच्या-माझ्या टेबलावर येतो.

2008: तीन उमेदवार, एक शंका

आधी थोडी पार्श्वभूमी. ‘लसींमुळे ऑटिझम होतो’ या म्हणण्यात दोन वेगवेगळे दावे आहेत आणि लोक ते सर्रास एकत्र कालवतात. पहिला 1998 चा. अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये 12 मुलांवरचा एक लेख छापला आणि गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या एकत्रित लसीवर संशय घेतला. दुसरा दावा थायमेरोसाल या पारा असलेल्या परिरक्षकाबद्दलचा. गंमत बघा, त्या एकत्रित लसीत थायमेरोसाल कधी नव्हतंच. म्हणजे एक दावा खरा निघाला असता तरी दुसऱ्याला त्याचा काही आधार मिळाला नसता.

2008 पर्यंत दोन्ही दावे तपासून झाले होते. डेन्मार्कमधल्या 5,37,303 मुलांच्या नोंदींचा अभ्यास 2002 मध्ये आला. एकत्रित लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचा धोका वाढलेला दिसला नाही. अमेरिकेत 1999 मध्ये खबरदारी म्हणून थायमेरोसाल काढायचं ठरलं आणि 2001 पर्यंत, फ्लूच्या काही लसी सोडल्या तर, लहान मुलांच्या नेहमीच्या लसींतून ते गेलं. आता विचार करा. पारा हेच कारण असतं तर त्यानंतर जन्मलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण उतरायला हवं होतं. कॅलिफोर्नियाच्या नोंदींत ते चढतच राहिलं. हा अभ्यास जानेवारी 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी, 2004 मध्येच, इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने सांगितलं होतं की दोन्ही बाबतींत उपलब्ध पुरावा कार्यकारणसंबंध नाकारण्याच्या बाजूचा आहे.

आता उमेदवार. फेब्रुवारी 2008 च्या अखेरीस टेक्सासमधल्या सभेत जॉन मॅकेन यांनी सांगितलं की लसींमधल्या परिरक्षकाचा ऑटिझमशी संबंध असल्याचा भक्कम पुरावा आहे. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियात बराक ओबामा म्हणाले की विज्ञान सध्या अनिर्णित आहे, पण संशोधन झालं पाहिजे. हिलरी क्लिंटन यांनी एका प्रश्नावलीच्या उत्तरात लिहिलं की लसी आणि ऑटिझमचा संबंध असलाच तर कसा आहे हे माहीत नाही, ते शोधायला हवं.

पहिल्या वाचनात मॅकेन सगळ्यात चूक वाटतात, आणि ते चूक आहेतच. पण त्यांच्या वाक्यात एक सोय आहे: ते तपासता येतं. ‘भक्कम पुरावा’ म्हणताय? दाखवा. दाखवता आला नाही की विषय संपला. उरलेली दोन वाक्यं कानाला जास्त शास्त्रीय लागतात. त्यांत नम्रता आहे, संशोधनाची मागणी आहे. तरीही वाचक म्हणून मला तीच जास्त निसरडी वाटतात. पाच लाखांवर मुलांच्या नोंदी तपासून झाल्यावर ‘अनिर्णित’ हा शब्द वापरायचा, तर आणखी कितीनंतर निर्णय मानायचा, हे कोणीतरी सांगायला हवं ना? ते वाक्यात कुठेच नाही. संबंध अगदी शून्य आहे असं कुठलाच अभ्यास सिद्ध करू शकत नाही; असलाच तर तो अमुक मर्यादेपेक्षा लहान आहे, एवढंच अभ्यास सांगतो. ही संख्याशास्त्राची प्रामाणिक मर्यादा आहे. राजकारणी तिलाच दाराची फट समजतात आणि त्या फटीतून दोन्ही बाजूंचे मतदार आत घेतात.

संशोधकाच्या शंकेला मुदत असते: अमुक प्रयोग झाला, अमुक निकाल आला, की शंका मागे घ्यायची. मतं मागणाऱ्याच्या शंकेला अशी मुदत नसते.

क्लिंटन यांच्याच बाबतीत पुढे काय झालं बघा. फेब्रुवारी 2015 मध्ये त्यांनी ट्विट केलं की पृथ्वी गोल आहे, आकाश निळं आहे आणि लसी काम करतात, इतकं विज्ञान स्पष्ट आहे. मत बदललं, चांगलंच झालं. पण कशामुळे? ‘लॅन्सेट’ने वेकफिल्डचा लेख 2010 मध्ये मागे घेतला हे खरं, पण मुख्य पुरावा तर 2008 च्या आधीच हातात होता. मधल्या काळात, 2014 च्या डिसेंबरात, कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडपासून गोवराची साथ पसरली आणि जनमत तापलं. माझं वाचन असं की वाक्य बदललं ते वाऱ्यामुळे. बरोबर उत्तरसुद्धा चुकीच्या रीतीने काढता येतं, हे गणितात आपण शिकलोय; इथेही तेच.

जाता जाता एक सूचना, लिटरेचर रिव्ह्यू करणाऱ्यांसाठी. ओबामांच्या त्या भाषणाच्या लिखित नोंदीत, काही लोकांना लसींचा संशय आहे, या वाक्यापुढे ‘ही व्यक्ती धरून’ अशा अर्थाचे शब्द येतात. कागदावर वाचलं तर ते स्वतःबद्दलच बोलतायत असं वाटतं आणि तसं छापूनही आलं. व्हिडिओत दिसतं की ते समोरच्या गर्दीतल्या एका माणसाकडे बोट करतायत. अनिर्णित म्हटल्याबद्दलची टीका त्यामुळे टळत नाही, पण ‘ओबामांनाही संशय होता’ हे विधान मात्र पडतं. मूळ स्रोत बघा असं गाईड का ओरडतात, ते कळलं ना?

डॉक्टर उमेदवार असला म्हणून?

सप्टेंबर 2011 मध्ये मिशेल बाकमन यांनी टीव्हीवर सांगितलं की एक आई त्यांना भेटली आणि एचपीव्हीच्या लसीने मुलीची बौद्धिक वाढ खुंटली असं म्हणाली. एक अनोळखी आई, एक मुलगी, ना तारीख ना वैद्यकीय कागद. दोन जीवनैतिकतेच्या प्राध्यापकांनी कागदपत्रं दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. कोणी पुढे आलं नाही. यावर अधिक लिहायची गरज नाही.

चार वर्षांनंतरचा वादविवाद जास्त शिकवून जातो. 16 सप्टेंबर 2015, रिपब्लिकन इच्छुकांची फेरी. डोनाल्ड ट्रम्प यांनी ओळखीतल्या एका लहान मुलाचा दाखला दिला आणि लसी थोड्या-थोड्या, जास्त काळात द्या म्हटलं. मंचावर दोन डॉक्टर होते: मेंदूचे शल्यविशारद बेन कार्सन आणि नेत्रतज्ज्ञ रँड पॉल. कार्सन यांनी स्पष्ट सांगितलं की लसींचा ऑटिझमशी संबंध नाही हे अभ्यासांनी दाखवलंय. इथेच थांबले असते तर! पण पुढे तेच म्हणाले की लसी फार कमी काळात फार जास्त दिल्या जातात खऱ्या. पॉल यांनी लसींची बाजू घेतली आणि लगेच स्वातंत्र्याची, त्याबरोबर लसी लांबवण्याचीही.

ही ‘लांबवण्या’ची सूचना मध्यममार्गी वाटते, म्हणून ती तपासायला हवी. लसींची संख्या वाढली हे खरं. पण अमेरिकेच्या वेळापत्रकात 1980 साली बाळाच्या शरीराला लसींतून सुमारे 3,000 प्रतिजनांना तोंड द्यावं लागे. 2000 पर्यंत लसी वाढल्या आणि प्रतिजन 130 च्याही खाली आले, कारण लसी अधिक शुद्ध झाल्या. शिवाय डोस लांबवला की तेवढे दिवस बाळ उघडं राहतं. म्हणजे पहिल्या वाक्यात पुराव्याला मान आणि दुसऱ्यात पुरावा नसलेली सवलत, असं हे उत्तर होतं. पदवी या दुसऱ्या वाक्यापासून वाचवत नाही.

हार्किन आणि ‘शाबीत करणारं’ केंद्र

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र लसींची नाही. ती आयोवाचे सिनेटर टॉम हार्किन यांची आहे. हे 1992 साठी डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतही होते. माणूस चांगल्या हेतूचा, अपंगांच्या हक्कांच्या कायद्यासाठी झटलेला. मधमाश्यांच्या परागकणांनी आपली ॲलर्जी गेली, अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पर्यायी वैद्यकाचं एक कार्यालय उभं राहिलं. सुरुवातीची तरतूद 20 लाख डॉलर. पहिले संचालक जोसेफ जेकब्स 1994 मध्ये बाहेर पडले आणि राजकीय दबावाबद्दल उघडपणे बोलले. 1998 मध्ये कार्यालयाचं पूर्ण केंद्र झालं. दहा वर्षांत त्याचं वार्षिक बजेट 12 कोटी डॉलरच्या वर गेलं.

केंद्राने पैसा कसा वापरला? याचं कौतुक करायला हवं. इतर संस्थांच्या साथीने त्याने मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्यांना बळ दिलं. यातल्या दोन शेजारी ठेवून वाचा, कारण प्रयोगाची आखणी यापेक्षा सोप्या रीतीने समजणार नाही.

2002 ची चाचणी: नैराश्याचे 340 रुग्ण, तीन गट. एकाला सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती, दुसऱ्याला सर्ट्रालिन हे प्रस्थापित औषध, तिसऱ्याला प्लासिबो. वनस्पती प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाही. पण मुख्य मोजमापांवर सर्ट्रालिनही ठरलं नाही! म्हणजे त्या चाचणीला फरक पकडताच येत होता का, हाच प्रश्न. फक्त या एका चाचणीवरून ‘वनस्पती निकामी’ म्हणणंही घाईचं.

2006 ची चाचणी: गुडघेदुखीचे 1,583 रुग्ण, ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन. प्लासिबो घेणाऱ्यांतल्या सुमारे 60 टक्के लोकांना आराम वाटला. ही दोन्ही पूरकं, वेगवेगळी किंवा एकत्र, एकूण रुग्णांत त्यापेक्षा लक्षणीय पुढे गेली नाहीत. सेलेकॉक्सिब हे औषध मात्र 70 टक्क्यांपर्यंत गेलं. इथे फरक पकडता येत होता, हे त्या औषधाने दाखवलं. म्हणून हा नकार जास्त वजनाचा. जास्त दुखणाऱ्यांच्या उपगटात जोडगोळीने बरं दिसलं, आणि विकणाऱ्यांनी तेवढंच उचललं.

नोव्हेंबर 2008 मध्ये गिंकोचा निकाल आला: 3,069 ज्येष्ठ नागरिक, स्मृतिभ्रंश टळला नाही. आणि फेब्रुवारी 2009 मध्ये सिनेटच्या सुनावणीत हार्किन यांनी नाराजी व्यक्त केली. पर्यायी उपचार तपासणं आणि शाबीत करणं हा केंद्राचा हेतू होता, पण केंद्र ते खोडून काढण्यातच जास्त गुंतलं, असा त्यांचा सूर होता.

‘तपासणं आणि शाबीत करणं’ या दोन क्रियापदांमधल्या ‘आणि’वर थांबा. तपासणी खरी असेल तर तिच्यापुढे ‘आणि’ नसतं, ‘किंवा’ असतं. हार्किन विज्ञानविरोधी नव्हते. संशोधनाला एवढा पैसा मिळवून देणाऱ्याला तसं म्हणवणार नाही. त्यांना संशोधन हवंच होतं. फक्त त्याचं उत्तर त्यांच्याकडे आधीच होतं. प्रगतिपुस्तकात हा दोष दिसत नाही, कारण ‘संशोधनाला पाठिंबा’ या रकान्यात त्यांना पैकीच्या पैकी मिळतील.

कोणी म्हणेल, मग परंपरेतलं काही तपासायचंच नाही का? तपासायचं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी तेच केलं. आपल्याकडे पूर्वापार वापरात असलेली सर्पगंधा त्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, दाब मोजला आणि 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. तीन वर्षांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं करण्यात आलं आणि जगभर वापरलं गेलं. पुढे त्याचे दुष्परिणामही नोंदले गेले आणि ते मागे पडलं. येणंही पुराव्याने, जाणंही पुराव्याने. त्या झाडाची बाजू घेणारा पक्ष लागला नाही.

आता तुमची सिनॉप्सिस काढा

उद्दिष्टांचं पान उघडा. ‘अमुक काढ्याची परिणामकारकता सिद्ध करणे’, ‘पारंपरिक ज्ञानाला शास्त्रीय आधार मिळवून देणे’ असं काही लिहिलंय का? असेल तर ते हार्किन यांचंच वाक्य आहे, फक्त बजेट लहान आहे. तिथे ‘तपासणे’ लिहा. पण नुसता शब्द बदलून भागत नाही. खाली तीन ओळी लिहा: मुख्य मोजमाप कोणतं, ते आधीच ठरवून, किती फरक दिसला नाही तर मी ‘परिणाम नाही’ म्हणेन, आणि माझ्या चाचणीला फरक पकडता येतो हे मला कसं कळेल.

दुसरी ओळ लिहिताना हात अडखळेल. निधी देणारे, विभागप्रमुख, कधी घरचेसुद्धा ‘सकारात्मक’ निकालाची वाट बघत असतात. नकारात्मक निकालाला पाच वर्षं फुकट गेली असं म्हणणारे भेटतातच. म्हणूनच ती ओळ आकडे हातात येण्याआधी लिहायची आणि तारीख टाकून गाईडना दाखवायची. नंतर लिहिलेल्या ओळीवर तुमचाच विश्वास बसणार नाही.

आणि पुढच्या निवडणुकीत, तिकडच्या किंवा इकडच्या, एखादा उमेदवार म्हणाला की ‘यावर आणखी संशोधन व्हायला हवं’, तर टाळी वाजवण्याआधी मनात विचारा: कुठला निकाल आला की तुम्ही थांबाल?