‘आत्मवृत्त’ आणि ‘माझें पुराण’

पुरुषाची निष्ठा तत्त्वांवर आणि स्त्रीची माणसांवर, अशी एक सोयीची वांटणी आपल्याकडे रूढ आहे. ती कितपत खरी, हें पाहावयाचें असल्यास एकाच घरांतील दोन आत्मचरित्रें शेजारीं ठेवून वाचावीं : धोंडो केशव कर्वे यांचें ‘आत्मवृत्त’ (१९१५) व त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, यांचें ‘माझें पुराण’ (१९४४).

या कथेचा उगम आमच्या मुंबईंतच आहे. गिरगांवांत कर्वे शिकवण्या करून राहात, तेव्हां नरहरपंत जोशी हे त्यांचे स्नेही होते. नरहरपंतांची बालविधवा बहीण गोदूबाई ही पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं चौपाटीजवळ काढलेल्या शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ सालीं पुण्यास तिचा व विधुर कर्व्यांचा विवाह झाला, आणि मुरूडच्या ग्रामस्थांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला.

प्रथम नांवेंच पाहावीं. ‘आत्मवृत्त’ हें नांव नि:शंक आहे. आपला वृत्तांत जगानें ऐकावा, याविषयीं लेखकास संकोच वाटत नाहीं. उलट ‘तुझें पुराण पुरे कर’ हें वाक्य आपल्या घरोघरीं कोणास ऐकावें लागतें, हें सांगणें नको. तो टोमणा बायांनीं आधींच आपल्या शिरीं घेतला. रमाबाई रानड्यांनीं १९१० सालीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ लिहिल्या, तेव्हां त्यांनीं ‘आमच्या’ या शब्दाचा आडोसा घेतला होता. स्त्रीला ‘मी’ म्हणावयाचें तर एक तर पतीच्या छायेंत, नाहीं तर हंसत हंसत !

आतां मुख्य मुद्दा. १८९६ सालीं स्थापन झालेल्या अनाथ बालिकाश्रमानें पुनर्विवाहाचा प्रचार करूं नये, असें कर्व्यांनीं ठरविलें. लोकांचा विश्वास मिळविण्यास तें अवश्य होतें, व स्वतः पुनर्विवाह केलेल्या पुरुषानें तें पाळणें हा थोर संयम होय. परंतु त्याचा एक परिणाम असा कीं, पुनर्विवाहित म्हणून खुद्द बायांनाच आश्रमापासून अंतरावर राहावें लागलें. पतीचें जें धोरण, तोच पत्नीपुढील उंबरठा ! तरीही त्याच आश्रमासाठीं बाया वर्गणी गोळा करीत हिंडल्या. त्यांची निष्ठा केवळ माणसांवर असती, तर त्या रुसून घरीं बसल्या असत्या.

आणि हिंगण्याहून पुण्याच्या कॉलेजांत पायीं जाऊन शिकविणारे कर्वे केवळ तत्त्वासाठीं चालत होते काय ? त्यांच्या डोळ्यांपुढें त्या मुलीच होत्या. तेव्हां भेद मूल्यांत नाहीं, तीं जगापुढें मांडण्याच्या रीतींत आहे. पुरुषाला तीं सभेंत सांगतां येतात. स्त्रीला हातांनीं करून दाखवावीं लागतात, आणि वर थट्टेनें झांकावीं लागतात.

आमचाही दोष येथें कबूल केला पाहिजे. अनेक वर्षें आम्हीं वर्गांत ‘आत्मवृत्त’ चारित्र्याचा धडा म्हणून शिकविलें आणि ‘पुराणां’तील प्रसंग तासाच्या शेवटीं विरंगुळा म्हणून सांगितले. विद्यार्थी हंसत, आम्हीही हंसत असूं. बायांनीं झांकलेलें तें हंसण्याखालींच राहिलें. आज हा लेख लिहितांना आमच्या लेखणींतूनही ‘आम्ही’ हाच शब्द उतरला. रमाबाईंचें ‘आमच्या’ संकोचांतून आलें होतें. आमचें ‘आम्ही’ अधिकारांतून आलें. एवढा फरक ध्यानांत आला, तरी हीं दोन पुस्तकें पुन्हां वाचल्याचें सार्थक झालें.