तिरक्या रेघांचं वेळापत्रक

एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाच्या ‘ला मेथोद ग्राफिक’ या ग्रंथाच्या १८८५ च्या आवृत्तीत एक आलेख आहे. पॅरिस आणि लिऑं या दोन शहरांदरम्यान धावणाऱ्या गाड्यांचं दिवसभराचं वेळापत्रक त्यात मांडलेलं आहे. ही पद्धत आपली नव्हे, इब्री नावाच्या इंजिनियरची, असं मारे यांनीच नोंदवलं आहे. मारे यांची सगळी हयात हालचाल कागदावर उतरवण्यात गेली. नाडीचे ठोके, पक्ष्याचं उड्डाण, घोड्याची चाल अशा हालचालींना त्यांनी रेघेचं रूप दिलं. अशा माणसाला हा रेल्वेचा कागद मोलाचा वाटला, यात नवल नाही.

पहिल्या नजरेत दिसतं ते तिरक्या रेघांचं दाट जाळं. क्षणभर गोंधळायला होतं. मग डावीकडची स्टेशनांची नावं दिसतात. सर्वांत वर पॅरिस, सर्वांत खाली लिऑं, मध्ये दिजों, शालों, माकों. आडवी जाते ती वेळ, पूर्ण चोवीस तासांची. एक रेघ म्हणजे एक गाडी. पॅरिसहून सुटलेली गाडी डावीकडून उजवीकडे खाली उतरते, लिऑंहून निघालेली वर चढते. एवढं कळलं की जाळं सुटं होऊ लागतं.

या आलेखातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट सहज नजरेतून निसटेल अशी आहे. स्टेशनांच्या आडव्या रेघा सारख्या अंतरावर आखलेल्या नाहीत. प्रत्यक्षात दोन स्टेशनांमध्ये जेवढं अंतर, त्याच प्रमाणात कागदावर जागा सोडलेली आहे. छापील वेळापत्रकात स्टेशनं एकाखाली एक, सारख्याच ओळींत बसतात, तशी ती इथेही बसवता आली असती. तसं केलं असतं तर रेघा विनाकारण वाकड्यातिकड्या झाल्या असत्या आणि त्यांचा उतार खोटं बोलला असता. प्रमाण पाळल्यामुळे रेघेचा चढ-उतार म्हणजेच गाडीचा वेग झाला. रेघ जितकी उभी, तितकी गाडी वेगवान. वेगाचा एकही आकडा कागदावर लिहिलेला नाही, तरी जलद गाडी कुठली आणि रखडणारी कुठली हे एका नजरेत सांगता येतं. गाडी स्टेशनात थांबते तिथे रेघ आडवी होते. आडवा तुकडा जेवढा लांब, तेवढा थांबा मोठा.

आता दोन रेघा जिथे छेदतात ती जागा पाहा. उलट दिशांच्या दोन गाड्या त्या वेळी, त्या ठिकाणी एकमेकींसमोरून जातात. हा मार्ग दुहेरी असल्याने असे छेद दोन स्टेशनांच्या मध्ये कुठेही पडू शकतात. एकाच दिशेच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. जलद गाडीला धीम्या गाडीच्या पुढे जायचं असेल, तर धीमीला स्टेशनात बाजूला उभं करावं लागतं. त्यामुळे एकाच बाजूला कललेल्या रेघा छेदायच्या तर स्टेशनाच्या रेघेवरच, धीमीच्या आडव्या तुकड्यापाशी. रुळांची रचना कागदावर काढलेली नाही, पण तिचे नियम रेघांच्या वागण्यात उतरले आहेत.

ही माहिती आकड्यांच्या कोष्टकात किती पसरली असती? समजा तीस गाड्या आहेत आणि पंधरा स्टेशनं. प्रत्येक ठिकाणी येण्याची आणि सुटण्याची अशा दोन वेळा धरल्या, तरी नऊशे आकडे होतात. या नऊशेंवरून स्तंभालेख काढायचा तर आधी सरासरी घ्यावी लागेल: प्रत्येक गाडीचा सरासरी वेग, प्रत्येक स्टेशनावरच्या गाड्यांची संख्या. स्तंभ सुबक दिसतील, पण कोणती गाडी कोणासाठी थांबली, हे त्यात कायमचं हरवेल. इब्रींची पद्धत एकही आकडा टाकून देत नाही. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की एकाच मापपट्टीवरची जागा माणसाचा डोळा सर्वांत अचूक वाचतो आणि क्षेत्रफळाचा अंदाज घेताना चुकतो. इथे तर प्रत्येक वेळ आणि प्रत्येक स्टेशन त्याच दोन समाईक मापपट्ट्यांवर बसलेलं आहे.

आलेखात उणीवही आहे. मागची आडव्या-उभ्या रेघांची जाळी फार गडद छापलेली असल्याने ती गाड्यांच्या रेघांशी भांडते. आलेखांचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात ही जाळी फिकट करून दाखवली, तेव्हा गाड्या एकदम पुढे आल्या. त्यांनी याच आलेखावर १९८१ मध्ये सुरू झालेल्या टीजीव्ही या अतिवेगवान गाडीची रेघही काढली. मारे यांच्या काळात नऊ तासांहून अधिक लागणारा प्रवास टीजीव्हीने तीन तासांच्या आत आणला होता. नवी रेघ जुन्या रेघांमधून जवळजवळ उभी कोसळते. शंभर वर्षांतला फरक सांगायला वेगळा आलेख लागला नाही.

आपल्याकडच्या रेल्वे कंट्रोल ऑफिसांतही गाड्या याच पद्धतीने कागदावर आखल्या जात. आता ते काम संगणकावर होतं. कोकण रेल्वेसारख्या, बहुतांशी एकेरी असलेल्या मार्गाचा आलेख मनाशी काढून पाहा. इथे समोरासमोरच्या गाड्यांच्या रेघा स्टेशनांच्या मध्ये छेदल्या, तर त्याचा अर्थ अपघात. प्रत्येक छेद स्टेशनाच्या रेघेवरच आणावा लागतो, आणि त्यासाठी एका गाडीला आडवा तुकडा स्वीकारावा लागतो. आपण गाडीत बसून ‘क्रॉसिंगला थांबलीय’ म्हणतो, तो हा तुकडा. पावसाळ्यात वेग कमी केला की सगळ्या रेघा थोड्या कलतात, सगळे छेद सरकतात आणि ते पुन्हा स्टेशनांवर बसवावे लागतात. म्हणून तर त्या महिन्यांसाठी कोकण रेल्वेला वेगळं वेळापत्रक काढावं लागतं. एका गाडीची वेळ बदलली की इतरांच्या का बदलतात, हे कोष्टक सांगू शकत नाही. हा आलेख सांगतो.

अर्थात, आपली गाडी किती वाजता सुटते एवढंच ज्याला हवं आहे, त्याला कोष्टकच बरं. ७ वाजून ४३ मिनिटं हे तिरक्या रेघेवरून वाचत बसायला कोणी सांगू नये. प्रश्न एका आकड्याचा असेल तर आकडाच द्यावा. आकड्यांच्या आपसातल्या नात्याचा असेल, तर ते नातं दिसेल असं माप निवडावं. आकडे फार झाले म्हणून आलेख अवघड झाला, असं आपण सहज म्हणून जातो. इब्रींच्या कागदावर आणखी चार गाड्या काढल्या तरी तो वाचता येईल, कारण प्रत्येक नव्या रेघेची जागा त्या दोन मापांनी आधीच ठरवून ठेवली आहे. पसारा आकड्यांमुळे होत नाही. त्यांना बसायला नेमकी जागा दिली नाही, की होतो.