खेड्यातील संसाराचे धडे

शहर सोडून खेड्यात बिऱ्हाड थाटणाऱ्या सुशिक्षित कुटुंबाची फजिती हा विनोदी लेखकांचा हुकमी विषय होय. विहीर आटते, पाहुणे आलेल्या रात्रीच दिवे जातात, गाय दावे तोडून पळते आणि पदवीधर यजमान चिखलात वहाणा सोडून तिच्यामागे धावतात. वाचक हसतो आणि पान उलटतो. परंतु एवढ्याने वाङ्मय सिद्ध होते काय? कै. गौरी देशपांडे यांचे ‘विंचुर्णीचे धडे’ पुन्हा हाती घेतले, तेव्हा हाच प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

विंचुर्णी हे सातारा जिल्ह्यातील फलटणनजीकचे गाव. तेथे राहावयास गेलेल्या या लेखिका (१९४२–२००३) इरावती कर्वे यांच्या कन्या व महर्षी कर्व्यांच्या नात. इंग्रजी वाङ्मयाच्या त्या व्यासंगी. अरबी कथांचे सोळा खंड त्यांनी मराठीत आणले. त्यांच्या नायिका बुद्धीच्या बळावर कुटुंबसंस्थेलाच जाब विचारतात. अशा लेखिकेने आपल्या ग्रामवासाच्या पुस्तकास ‘गमती’ न म्हणता ‘धडे’ म्हणावे, यातच त्याचे मर्म आहे. धडा म्हटला की गुरू आला आणि शिष्यही आला. जुन्या विनोदात शहरात आलेला खेडूत हास्यास्पद ठरे. येथे शिष्याच्या जागी शहरची विद्वत्ता बसली आहे. पदवीने घागर भरत नाही, हे जिला उमगते तिची फजिती निव्वळ हशाची राहत नाही. ती आत्मपरीक्षण होते.

तथापि या लेखनप्रकाराची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. फजितीची गोष्ट होते ती ज्यास परतीची वाट मोकळी आहे त्याच्यापुरती. शेजारच्या शेतकऱ्याची विहीर आटली तर ती गंमत नव्हे, आपत्ती होय. ‘धडे’ या शब्दातील नम्रतेस हे भान आहे. परंतु धडा लिहितो तो शिष्य, गुरूचे घर त्यात ओझरतेच दिसते.

ते घर दिसावे असे आम्हांस वाटते, त्यास कारण आहे. महर्षी कर्व्यांनी १९०० साली विधवांचा आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या एका झोपडीत नेला. आज हिंगणे पुण्यातच आहे. आम्ही राहतो त्या पनवेलजवळच्या रोडपालीचीही तीच कथा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे शहरच या गावांच्या अंगणात राहावयास आले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील भूमिपुत्रांच्या लढ्यात उरण तालुक्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण वेचले. येथील कुटुंबांनी बिऱ्हाड तसूभरही हलविले नाही, तरी त्यांच्या संसाराची घडी पार बदलली. भाताचे खाचर गेल्यावर कणगीचे काय करावे, हाही घरगुती प्रश्नच होता. त्यांना कोणते धडे मिळाले? ते पुस्तक त्यांच्याच घरातून लिहिले जावे. विंचुर्णीच्या पुस्तकाशेजारी त्याची जागा आम्ही राखून ठेवली आहे.